मनाच्या शोधांत विद्यार्थी

पनवेल मागें टाकून पुण्याच्या रस्त्यानें बोरघाट चढून गेलें, कीं लोणावळें लागतें. हवापालटाचें ठिकाण म्हणून तें सर्वांस ठाऊक आहे. परंतु मन आणि शरीर यांचा संबंध प्रयोगानें तपासण्याचें मोठें कार्य तेथें झालें, आणि त्यांत विद्यार्थ्यांचा वाटा होता, हें फार थोड्यांस माहीत असतें.

या कार्याचे प्रवर्तक स्वामी कुवलयानंद. यांचें पूर्वाश्रमीचें नांव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ चा. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयांत कांहीं विद्यार्थ्यांना हाताशीं धरून त्यांनीं उड्डियान व नौली या क्रियांची परीक्षा आरंभिली. नौलीच्या वेळीं आंतड्यांतील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो, असें दाबमापकानें दिसून आलें. बस्तीक्रियेंत पाणी आपोआप वर कां चढतें, याचा उलगडा त्यामुळें झाला. १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झालें व त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें त्रैमासिक निघालें.

शरीराच्या पुढची पायरी मनाची. त्रावणकोरकडचे कोवूर बेहानन हे अमेरिकेंतील येल विद्यापीठांत मानसशास्त्राचे विद्यार्थी होते. १९३० नंतरच्या दशकांत त्यांनीं लोणावळ्यास राहून स्वामींजवळ योगाभ्यास केला आणि परत जाऊन स्वतःवरच प्रयोग केले. प्राणायामापूर्वीं व नंतर बेरजा करणें, रंगांचीं नांवें सांगणें, अशा कसोट्या त्यांनीं घेतल्या. प्राणायामानें बुद्धि तल्लख होते, ही समजूत सर्वत्र रूढ होती. पण प्राणायामानंतर लगेच हीं कामें मंदावतात, असें त्यांना आढळलें. तें त्यांनीं १९३७ च्या ग्रंथांत छापलें, आणि योगाभ्यासी मंडळींच्या ठायीं दिसणारी शांत, आनंदी वृत्तिही तितक्याच मोकळेपणानें नमूद केली.

१९५७ मध्यें वेंगर व बागची हे संशोधक मेंदूंतील विद्युत्-लहरी टिपणारें यंत्र घेऊन हिंदुस्थानांत हिंडले. हृदय वा नाडी यांवर ताबा असल्याचें म्हणणाऱ्या चौघांची त्यांनीं डॉ. आनंद यांच्यासह परीक्षा केली. श्वास कोंडून स्नायू आवळले, कीं हृदयाकडे परतणारें रक्त घटतें व नाडी हाताला लागेनाशी होते. परंतु हृदय एकाचेंही थांबलें नव्हतें. हा निष्कर्ष १९६१ सालीं प्रसिद्ध झाला.

अशा निष्कर्षांनीं योगाचें महत्त्व उणें होत नाहीं. उणी होते ती भाबडी समजूत. जाणीव म्हणजे काय, हें कोडें यंत्रांनीं अद्याप सोडविलेलें नाहीं, आणि म्हणूनच तरुणांना येथें वाव आहे. आरंभ करावयास महागडीं यंत्रेंच हवींत असें नाहीं. पनवेलच्या एखाद्या विद्यार्थ्यानें घड्याळ व वही घेऊन, नित्याच्या प्राणायामाच्या आधीं व नंतर शंभर बेरजांस किती वेळ लागतो, हें महिनाभर टिपावें. मात्र मनाजोगा आंकडा आला नाहीं, तो दिवस त्यानें वहींतून गाळूं नये.