न पाहिलेल्या रुग्णाला दिलेला सल्ला : वैद्यकीय पत्रव्यवहारापासून इंटरनेटपर्यंतचा एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

आरोग्यविषयक सल्ला केवळ दवाखान्यातच घेतला जातो, असे नाही. लग्नकार्यात भेटलेले डॉक्टर नातेवाईक, शेजारी राहणारा वैद्यकीय विद्यार्थी किंवा औषधाच्या दुकानातील अनुभवी विक्रेता यांना 'सहज' म्हणून विचारलेले प्रश्न हा भारतीय समाजाच्या आरोग्यव्यवहाराचा अनौपचारिक, परंतु फार मोठा भाग आहे. मुलाचा खोकला, वारंवार होणारे पित्त, अंगावर उठलेले पुरळ, उडालेली झोप अशा नित्याच्या तक्रारींचे हे प्रश्न असतात. गेल्या तीन दशकांत त्यांपैकी बरेचसे प्रश्न इंटरनेटवर विचारले जाऊ लागले. अनोळखी डॉक्टरला, आपले नाव न सांगता आणि प्रकृती प्रत्यक्ष न दाखवता प्रश्न विचारण्याच्या या पद्धतीला काही जण आरोग्यज्ञानाचे लोकशाहीकरण मानतात, तर काही जण तिच्यात रुग्णाच्या जिवाशी चाललेला खेळ पाहतात. दोन्ही भूमिकांमागे एक समान गृहीतक आहे. ते म्हणजे ही प्रथा नव्या तंत्रज्ञानातून जन्माला आली. इतिहास मात्र या गृहीतकाला दुजोरा देत नाही.

न पाहिलेल्या रुग्णाला सल्ला देण्याच्या प्रथेचा तीन टप्प्यांत आढावा घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. अठराव्या शतकातील युरोपीय वैद्यांचा पत्रव्यवहार, विसाव्या शतकात मुंबईतून प्रसिद्ध झालेली नियतकालिकांतील प्रश्नोत्तरे आणि इंटरनेटवरील सल्ला हे ते तीन टप्पे होत. या तिन्ही टप्प्यांत वादाचे मूळ कारण डॉक्टर व रुग्ण यांच्यातील अंतर हे नसून दिलेल्या उत्तराची जबाबदारी कोणाची हे आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्यासाठी प्रश्नकर्ता व उत्तरदाता यांपैकी कोणाचे नाव उघड होते आणि कोणाचे झाकलेले राहते, या कसोटीचा आधार घेतला आहे.

१. पत्राने चालणारे वैद्यक

अठराव्या शतकात पत्राद्वारे सल्ला देणे हा प्रतिष्ठित वैद्यांच्या व्यवसायाचा मान्य भाग होता. एडिंबरा विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम कलेन (१७१०-१७९०) यांचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. त्यांच्याकडे दूरदूरच्या रुग्णांची पत्रे येत. काही रुग्ण स्वतः लिहीत, तर काहींच्या वतीने नातेवाईक, गावचा धर्मोपदेशक किंवा स्थानिक वैद्य लिहीत असे. कलेन यांच्या उत्तरांत औषधांच्या बरोबरीने आहार, झोप, व्यायाम आणि घोडेस्वारी यांविषयीच्या तपशीलवार सूचना आढळतात. अनेक रुग्णांची व त्यांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही.

येथे एक बाब लक्षणीय आहे. कलेन आपल्या उत्तरांच्या प्रती जपून ठेवीत. सुरुवातीला लेखनिक त्या उतरवून घेत असत. पुढे १७८१ पासून त्यांनी जेम्स वॉट यांनी शोधलेले पत्रांच्या नकला काढण्याचे यंत्र वापरण्यास प्रारंभ केला. एडिंबरा येथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जतन झालेला हा हजारो कागदपत्रांचा संग्रह आज अभ्यासकांना उपलब्ध आहे. आपण कोणाला, केव्हा आणि काय सांगितले याची नोंद असावी, म्हणजे रुग्णाचे पुढचे पत्र आल्यावर मागील सल्ल्याशी ते ताडून पाहता येईल, हा या प्रतींचा व्यावहारिक उपयोग होता. सल्ला दुरून दिला जात असला, तरी तो बेवारस नव्हता.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथील वैद्य सॅम्युएल ओग्युस्त तिसो (१७२८-१७९७) यांनी या प्रथेला अधिक शिस्त आणली. सामान्य लोकांच्या आरोग्यासाठी १७६१ मध्ये त्यांनी लिहिलेला ग्रंथ युरोपभर वाचला गेला. वैद्याचा सल्ला घेणाऱ्या रुग्णाने कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत याची यादीच त्यांनी त्यात दिली होती. स्पर्श व दर्शन यांची उणीव नेमक्या कथनाने भरून काढण्याचा हा प्रयत्न होता. तिसो यांना आलेली बाराशेहून अधिक पत्रे व कागद लोझान येथे उपलब्ध आहेत.

परंतु याच तिसोंच्या कार्याला दुसरी बाजूही आहे. १७६० मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झालेल्या हस्तमैथुनावरील ग्रंथात त्यांनी या क्रियेमुळे शरीर व बुद्धी यांचा ऱ्हास होतो, असे ठासून सांगितले. या मताला शास्त्रीय आधार नव्हता, तरीही ते वैद्याच्या अधिकारवाणीने मांडले गेले होते. परिणामी ग्रंथ वाचून भयभीत झालेल्या वाचकांनी पुन्हा त्याच ग्रंथकाराला पत्रे लिहिली. वैद्याचे लेखन जसे दिलासा देते, तसेच ते नवे भयही निर्माण करू शकते, हे या प्रकरणातून स्पष्ट होते. हे भय पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकले आणि मुंबईतही त्याची उत्तरे शोधावी लागली.

२. रुग्णाच्या कथनाचे अवमूल्यन

पत्राने सल्ला देणे शक्य होते, कारण त्या काळातील निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावर आधारलेले होते. एकोणिसाव्या शतकात ही स्थिती पालटली. रने लाएनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथोस्कोपचा शोध लावला, रुग्णालयीन वैद्यकाचा विस्तार झाला, तापमापक व प्रयोगशाळा आल्या आणि रोग ही डॉक्टरने शरीरात शोधून काढायची गोष्ट ठरली. रुग्ण काय म्हणतो यापेक्षा त्याचे शरीर काय दाखवते याला अधिक महत्त्व आले. समाजशास्त्रज्ञ निकोलस ज्यूसन यांनी १९७६ मधील आपल्या लेखात या प्रक्रियेचे वर्णन वैद्यकीय विश्वदृष्टीतून आजारी माणूस नाहीसा होणे, अशा आशयाने केले आहे.

या बदलाने वैद्यकाला अचूकता आली, हे नाकारता येत नाही. त्याचबरोबर 'तपासल्याशिवाय सांगता येणार नाही' हे व्यावसायिक नीतीचे तत्त्व दृढ झाले. तरीही दुरून विचारण्याची गरज संपली नाही. दूरध्वनीच्या शोधानंतर अवघ्या तीन वर्षांत, म्हणजे १८७९ मध्ये, 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एक वृत्तांत प्रसिद्ध झाला. मध्यरात्री नातवाच्या खोकल्याने घाबरलेल्या आजीने दूरध्वनीवरून डॉक्टरांशी संपर्क साधला. डॉक्टरांनी मुलाचा खोकला यंत्रातूनच ऐकला आणि तो गंभीर नसल्याचे सांगितले. नवे साधन हाती येताच लोकांनी सर्वप्रथम त्यातून जे विचारले, त्यात मुलाचा खोकलाही होता, ही बाब पुरेशी सूचक आहे.

३. मुंबईतील प्रश्नोत्तरे : 'समाजस्वास्थ्य' आणि त्यानंतर

काही प्रश्न असे असतात की, डॉक्टर समोर असूनही ते विचारता येत नाहीत. कुटुंबाचे डॉक्टर हे घरातील वडीलधाऱ्यांच्या परिचयाचे असतात आणि तो परिचयच प्रश्नकर्त्याची अडचण ठरतो. रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२-१९५३) यांनी जुलै १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' या मासिकाने नेमकी ही पोकळी भरून काढली. कर्वे हे वैद्य नव्हते, तर गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारामुळे त्यांना १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली होती. असे असूनही वाचकांनी आपल्या लैंगिक आरोग्यविषयक शंका त्यांच्याकडे पाठविल्या. हस्तमैथुनासारख्या विषयावर कर्वे यांनी पाप-पुण्याच्या नव्हे, तर शरीरशास्त्राच्या भाषेत उत्तरे दिली. तिसोंनी पसरविलेल्या भयाला मराठीतून मिळालेले हे एक महत्त्वाचे प्रत्युत्तर होय. वैद्यांच्या मौनामुळे वाचकांना गणिताच्या प्राध्यापकाकडे वळावे लागले, ही वस्तुस्थिती तत्कालीन वैद्यकव्यवसायाविषयीही बरेच काही सांगून जाते.

या प्रश्नोत्तरांची किंमत कर्वे यांना मोजावी लागली. वाचकांच्या शंकांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. १९३४ मध्ये या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. लैंगिक आरोग्य हाच ज्या मासिकाचा विषय आहे, त्याचे वाचक त्या विषयावर शंका विचारणारच आणि त्यांना उत्तर देणे हे मासिकाचे कामच आहे, असा बचावाचा आशय होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही आणि कर्वे यांना दंड झाला. या खटल्याकडे सामान्यतः अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने पाहिले जाते व ते योग्यच आहे. परंतु आरोग्याच्या इतिहासाच्या दृष्टीने तो सामान्य माणसाच्या शंका विचारण्याच्या अधिकाराचाही खटला होता. येथे प्रश्नकर्ता अनामिक होता, मात्र उत्तरदाता आपल्या नावानिशी न्यायालयात उभा होता.

हीच रचना पुढे डॉ. महिंदर वत्स यांच्या सदरात दिसते. स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या वत्स यांचे प्रश्नोत्तरांचे सदर २००५ पासून 'मुंबई मिरर' या इंग्रजी दैनिकात प्रसिद्ध होत असे. २८ डिसेंबर २०२० रोजी वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मिश्कील उत्तरांची बरीच चर्चा झाली, परंतु त्यांच्याकडे येणारे अनेक प्रश्न कर्वे यांच्या वाचकांच्या प्रश्नांहून फारसे वेगळे नव्हते. छापील उत्तराचे आणखी एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घेतले पाहिजे. प्रश्न एकाचा असला, तरी उत्तर हजारो जण वाचतात. त्यामुळे अशा उत्तराचे स्वरूप उपचारापेक्षा लोकशिक्षणाचे असते.

४. इंटरनेटवरील सल्ला

१९९३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाने 'गो आस्क अ‍ॅलिस' ही विद्यार्थ्यांच्या आरोग्यविषयक शंकांना उत्तरे देणारी सेवा सुरू केली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा उपलब्ध झाली. डॉक्टरांना ई-मेलने किंवा संकेतस्थळावर प्रश्न विचारण्याची प्रथा पुढील काही वर्षांत जगभर रूढ झाली.

या प्रथेचे परीक्षण करणारा एक महत्त्वाचा प्रयोग जर्मनीतील संशोधक गुंथर आयझेनबाख व थॉमस डिपगेन यांनी केला. त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नागिणीची लक्षणे असलेल्या एका काल्पनिक रुग्णाच्या नावे त्यांनी वैद्यकीय संकेतस्थळांशी संबंधित ५८ ठिकाणी ई-मेल पाठविला. निम्म्या ठिकाणांहून उत्तर आले. उत्तर देणाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांनी डॉक्टरांना दाखविण्यास सांगितले, ५९ टक्क्यांनी नागिणीचा स्पष्ट उल्लेख केला, तर ३१ टक्क्यांनी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सल्ला देण्यास नकार दिला. या आकडेवारीतून दोन गोष्टी दिसतात. बहुसंख्य उत्तरदाते सावध होते, ही पहिली. उत्तर मिळेल की नाही आणि मिळालेच तर कोणत्या दर्जाचे मिळेल, याची कोणतीही हमी रुग्णाला नव्हती, ही दुसरी. कलेन यांच्या रुग्णाला आपला सल्लागार कोण हे ठाऊक असे व कर्वे यांच्या वाचकालाही ते ठाऊक असे. इंटरनेटवर मात्र अनेकदा प्रश्नकर्ता आणि उत्तरदाता दोघेही अनामिक राहिले. दूरस्थ सल्ल्याच्या दीर्घ इतिहासातील खरी नवी गोष्ट हीच होय.

५. कायदा आणि अनामिकता

भारतात या विषयाला कायदेशीर वळण मिळाले ते दूरध्वनीमुळे. बाळंतपणानंतर पुन्हा दाखल झालेल्या एका महिलेवर डॉक्टरांच्या अनुपस्थितीत दूरध्वनीवरील सूचनांनुसार उपचार झाले व पुढे तिचा मृत्यू झाला. रत्नागिरी येथील या प्रकरणात अटकपूर्व जामीन नाकारताना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये निदानाविना औषधयोजना करण्यावर कठोर ताशेरे ओढले. त्यानंतर दूरध्वनीवरून सल्ला द्यावा की नाही, याविषयी वैद्यकव्यवसायात संभ्रम निर्माण झाला.

कोविडच्या साथीत, २५ मार्च २०२० रोजी, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि हा संभ्रम बराचसा दूर झाला. या तत्त्वांनुसार लेखी संदेश, ध्वनी व चित्र या तिन्ही माध्यमांतून सल्ला देता येतो. मात्र डॉक्टर व रुग्ण यांना परस्परांची ओळख असणे आवश्यक आहे, सल्ल्याची नोंद ठेवावी लागते, ठरावीक औषधेच सुचविता येतात आणि प्रत्यक्ष तपासणीचा आग्रह धरण्याचा अधिकार डॉक्टरकडे राहतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्रणालींना स्वतंत्रपणे सल्ला वा औषध देण्यासही या तत्त्वांनी मनाई केली. नोंद व ओळख यांवरील हा भर म्हणजे एका अर्थाने कलेन यांच्या नकलांच्या परंपरेकडे परत जाणे होय.

तथापि येथे एक प्रश्न शिल्लक राहतो. ओळख उघड करणे ज्याला शक्य नाही, त्याने कोठे विचारावे? सासरच्या माणसांसमोर दवाखान्यात बोलू न शकणारी विवाहिता, आपल्या शरीरातील बदलांनी घाबरलेला किशोरवयीन मुलगा किंवा मानसिक त्रासाची वाच्यता टाळणारा नोकरदार यांना सुरक्षित उपचाराआधी सुरक्षित प्रश्न हवा असतो. तो विचारण्याची विश्वसनीय जागा नसेल, तर ही माणसे प्रश्न विचारणे थांबवीत नाहीत. ती निनावी आणि बेजबाबदार उत्तरांकडे वळतात.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. दूरस्थ सल्ला ही इंटरनेटची निर्मिती नसून ती किमान तीन शतकांची प्रथा आहे. तिची विश्वसनीयता माध्यमावर नव्हे, तर उत्तराची नोंद व उत्तरदात्याचे उत्तरदायित्व यांवर अवलंबून राहिली आहे. पत्रव्यवहारात दोघांची ओळख होती, सदरांत केवळ उत्तरदात्याची होती, इंटरनेटवर अनेकदा कोणाचीच नव्हती आणि २०२० च्या तत्त्वांनी ती पुन्हा दोघांचीही आवश्यक केली.

उपचार सांगणारे उत्तर आणि ज्ञान देणारे उत्तर यांत भेद करणे हाच यावरचा मार्ग दिसतो. पहिल्यासाठी उभय पक्षांची ओळख अनिवार्य असावी. दुसऱ्यासाठी प्रश्नकर्त्याला अनामिक राहू द्यावे, परंतु उत्तरदात्याला नाव असावे. महाविद्यालयातील आरोग्यविषयक उपक्रमांतून नावाशिवाय प्रश्न स्वीकारणे आणि पात्र डॉक्टरांनी आपल्या नावानिशी त्यांची उत्तरे देणे, ही व्यवस्था अल्प खर्चात उभी करता येण्याजोगी आहे. 'समाजस्वास्थ्य'च्या वाचकांना जे उत्तर मिळावे म्हणून एका प्राध्यापकाने दंड सोसला, ते आजच्या विद्यार्थ्याला त्याच्याच महाविद्यालयात मिळू शकले, तर त्या इतिहासाचे ऋण काही अंशी फिटेल.