लढाई रेशनच्या रांगेत

1943 चा जून. लालबागच्या चाळीतून पहाटेच पिशवी घेऊन निघा. उशीर केलात तर रांग गल्लीबाहेर गेलेली असेल. मुंबईत रेशनिंग सुरू होऊन महिनाच झालाय. गेल्या वर्षी मार्चमध्ये रंगून पडलं, ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, आणि भातावर वाढलेल्या कोकणी चाकरमान्यांच्या वाट्याला बाजरी नि गहू आले. तुमच्यापुढच्या मावशी मूठभर दाणे तळहातावर पसरून दुकानदाराला विचारतायत, "ह्ये तांदूळ म्हणूचे की खडे?" तो मान वर न करता कार्डावर खूण करतो.

सुटे परत घेताना नीट बघा. पैशाच्या मधोमध भोक आहे. लढाईसाठी धातू वाचवायचा म्हणून सरकारने नाणंच पोखरलंय. पोरांची मात्र सोय झाली, दोऱ्यात ओवता येतं.

गिरण्या रात्रंदिवस चालतात, सैन्यासाठी कापड विणतात, आणि विणणाऱ्याच्या बायकोला धडकं लुगडं मिळत नाही. मला विचाराल तर मुंबईची लढाई म्हणजे हीच.

आता पुढे चला. 14 एप्रिल 1944, शुक्रवार, दुपारचे चार वाजून गेलेत. पायाखालची जमीन हादरते, काचा खळखळतात. "जपानी आले!" जिन्यावर एकच पळापळ. अर्ध्या तासात दुसरा, आणखी मोठा धमाका. पण जपानी कुठेच नाहीत. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे ब्रिटिशांचंच जहाज फुटलंय. त्यात सुमारे 1,400 टन स्फोटकं भरली होती आणि त्यांच्या सोबतीला कापसाच्या गाठी! असा माल एकत्र भरणाऱ्यांना काय म्हणावं? जहाजात सोन्याच्या विटाही होत्या. त्यातली एक उडून गिरगावात एका घराचं छप्पर फोडून आत पडली. आग विझवायला गेलेले 66 जवान मात्र परतले नाहीत. सकाळच्या वर्तमानपत्रात खरं कारण शोधू नका, सेन्सॉर बसलाय.

ऑगस्ट 1945 मध्ये जपान शरण गेलं, तरी रांग हलली नाही. 1947 च्या अखेरीस, गांधीजींच्या आग्रहानंतर, धान्यावरची नियंत्रणं उठू लागली. भाव भडकले आणि वर्षभरात ती परत लादावी लागली.

तेव्हा लढाई संपली म्हणून कार्ड फेकू नका. स्वतंत्र भारतात पत्त्याचा पुरावा म्हणून कित्येक दशकं तेच मागतील.