उपग्रहीय उंची-माहिती व वास्तुअभिकल्प

उपग्रहीय उंची-माहिती व वास्तुअभिकल्प : कृत्रिम उपग्रह किंवा अवकाशयान यांवरून मोजलेले भूपृष्ठाच्या उंचीचे आकडे संगणकात घेऊन इमारत, रस्ता वा वसाहत यांच्या आराखड्यासाठी जमिनीचे अंकीय प्रतिमान तयार करण्याची पद्धती. तिचे गुण व मर्यादा शहादा (जि. नंदुरबार) परिसराच्या उदाहरणाने स्पष्ट होतात. शहादा गोमाई नदीकाठी वसले असून ही नदी प्रकाशे येथे तापीस मिळते. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, तर दक्षिणेस तापी खोऱ्यातील काळ्या मातीचा सपाट प्रदेश आहे.

इतिहास : भारतात शास्त्रीय भूमापनाची मोठी मोहीम विल्यम लॅम्टन यांनी १८०२ मध्ये मद्रास येथे सुरू केली. उंचीसाठी देशभर पातळीमापनाच्या रेषा टाकण्यात आल्या आणि १९०९ मध्ये नऊ भरतीमापन केंद्रांवरील सरासरी समुद्रपातळी शून्य धरून त्यांचा मेळ घालण्यात आला. कायम खुणांच्या (बेंचमार्क) उंच्या या व्यवस्थेतून ठरल्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर समोच्च रेषांतील अंतर सामान्यतः २० मी. असते, त्यामुळे डोंगराचा आकार त्यांवर उमटतो, परंतु मैदानातील सूक्ष्म चढउतार दोन रेषांमध्ये हरवतात.

संगणकासाठी जमिनीचे अंकीय प्रतिमान ही कल्पना १९५८ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत महामार्गांच्या आखणीसाठी मांडली गेली. विखुरलेले बिंदू त्रिकोणांनी जोडून पृष्ठ तयार करण्याची रीत पुढे रूढ झाली. तिचा भूमितीय पाया बरीस डेलॉने यांच्या १९३४ च्या निबंधात आहे. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ अवकाशयानाने रडारच्या साहाय्याने अकरा दिवसांत पृथ्वीवरील सु. ८० टक्के भूभागाची उंची मोजली. ५ मे २००५ रोजी सोडलेल्या ‘कार्टोसॅट-१’ या भारतीय उपग्रहाच्या दोन कॅमेऱ्यांनी टिपलेल्या छायाचित्र-जोड्यांवरूनही उंचीचे प्रतिमान तयार करण्यात आले.

कार्यपद्धती : रडारमापनाची माहिती एक अंश लांबीरुंदीच्या चौकटींत मिळते, शहादा २१° उत्तर व ७४° पूर्व या नैर्ऋत्य कोपऱ्याच्या चौकटीत येते. अक्षांश-रेखांश प्रथम मीटरमध्ये बदलावे लागतात. त्यासाठी येथे ४३ वा प्रक्षेपण-विभाग लागू पडतो. नंतर हवा तेवढाच भाग कापून त्रिकोणी पृष्ठ वा समोच्च रेषा तयार करून त्या अभिकल्प-आज्ञावलीत घेतात. प्रक्षेपणातील उत्तर-सहनिर्देशक येथे सु. २३.८ लाख मी. इतका मोठा असल्याने आरेखनातील अचूकता ढळू शकते. म्हणून जागेजवळील स्थानिक आरंभबिंदू ठरविणे इष्ट असते.

मर्यादा : या माहितीतील एक घर सु. ३० मी. रुंद असते, म्हणजे लहान भूखंड पुष्कळदा एकाच आकड्यात सामावतो. रडारमापनाच्या उंचीतील त्रुटी १६ मी. पेक्षा कमी असावी, असे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात ती बऱ्याच ठिकाणी याहून कमी आढळली. शिवाय रडारला झाडांचे शेंडे व इमारतींची छपरे जमिनीहून वेगळी काढता येत नाहीत. उंची समुद्रपातळीपासून की गणितीय लंबवर्तुळाभापासून मोजली, हेही तपासावे लागते. भारतात या दोन संदर्भांत अनेक मीटरांचा फरक पडतो. सातपुड्याच्या उतारावर रस्त्याची प्राथमिक दिशा ठरविण्यास ही माहिती उपयोगी पडते. तापीकाठी जोत्याची उंची ठरविण्यास मात्र ती अपुरी आहे, कारण तेथे एखाद्या मीटरवर पुराचे पाणी घरात शिरणे वा न शिरणे अवलंबून असते.

पातळीच्या अचूकतेचे सामाजिक महत्त्व सरदार सरोवर प्रकल्पात दिसून आले. नर्मदा जलतंटा लवादाने १९७९ मध्ये जलाशयाची पूर्ण पातळी १३८.६८ मी. ठरविली. महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित ठरली व अनेक आदिवासी कुटुंबांचे पुनर्वसन तळोदे आणि शहादा तालुक्यांत झाले. कोणते घर व शेत या पातळीखाली येते, हा तेथे हक्काचाच प्रश्न होता. अशा निर्णयासाठी दूरवरून मोजलेला आकडा पुरत नाही. कायम खुणेपासून जागेपर्यंत प्रत्यक्ष पातळी आणून तो पडताळणे आवश्यक ठरते. उपग्रहीय माहितीने प्राथमिक अभ्यासाचा खर्च व वेळ वाचविला आहे. अखेरचा आधार मात्र जमिनीवरील मोजणीचाच राहिला आहे.