जिऱ्याचे कूळ

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. तरी माशाच्या पोराचे कूळ ओळखायचे कसे, हा प्रश्न इथे दर पावसाळ्यात येतो. पुसदचा पूस, दिग्रसचा अरुणावती, बाभुळगावचा बेंबळा, पैनगंगेवरचा ईसापूर अशा जलाशयांत कटला, रोहू, मृगळ वाढतात, आणि त्यांचे बीज प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून येते. अगदी लहान ते जिरे, इंचभर झाले की बीज, मग अर्धबोटुकली, मग बोटुकली. बोटुकली झाली की जाणत्या भोयाला विचारावे लागत नाही. डोके मोठे तो कटला, शेपटीच्या बुडाशी काळा डाग तो मृगळ. जिऱ्याच्या वयात मात्र सगळेच सारखे: दोन डोळे आणि मागे एक पारदर्शक रेघ.

पूर्वी हे जिरे पुराच्या पाण्यातून गोळा करत, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, आणि तिथून ते रेल्वेने दूरवर जात. त्यात शिवड्यासारख्या खादाड माशांची पोरेही येत. तळ्यात काय सोडले, हे महिन्यांनी कळायचे आणि तोवर शिवड्याने निम्मी पोरे फस्त केलेली असायची. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी माशाला पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंद पाण्यात अंडी घालायला लावले. त्या प्रयोगाने बीज मुबलक झाले, हे सगळे सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. आता आईबाप डोळ्यांसमोर होते, म्हणून पोराचे नाव पक्के झाले. अर्थात एकाच कुंडात दोन जातींचे नर-माद्या सोडल्या तर संकर होतो, आणि मग पक्केपणा पुन्हा जातो.

समुद्रात आईबाप समोर नसतात. तिथे पोर ओळखण्याच्या विद्येची सुरुवात झाली ती एका गैरसमजाच्या खंडनातून. माशाची अंडी तळाशी पडतात, असे मच्छीमारही मानत आणि विद्वानही. नॉर्वे सरकारने कॉड माशाच्या अभ्यासासाठी गेओर्ग ओसियन सार्स या तरुणाला लोफोटेन बेटांवर पाठवले. 1860च्या दशकाच्या मध्यात त्याला दिसले की कॉडची अंडी पाण्यावर तरंगतात. दीड मिलिमीटरच्या आसपासचा तो काचमणी. वर तरंगते म्हणजे बारीक जाळीने गोळा करता येते, आणि गोळा झाले की प्रश्न उरतो तो एकच: हे कोणाचे?

पहिला धक्का ईलने दिला. ईल नदीत वाढतो आणि समुद्रात जन्मतो. आपल्या नद्यांत आढळणारा अहीर याच कुळातला. भूमध्य समुद्रात एक चपटा, पिंपळपानासारखा पारदर्शक प्राणी सापडायचा. 1856 मध्ये काउप या अभ्यासकाने त्याला स्वतंत्र मासा समजून लेप्टोसेफॅलस ब्रेव्हिरोस्ट्रिस असे नाव दिले होते. सिसिलीत ग्रासी आणि कालान्द्रुच्चो या संशोधकांनी तो पाण्यात ठेवून पाहिला. पान आखडत गेले, गोल झाले, त्याचा ईल झाला. हे त्यांनी 1890च्या दशकात जगाला सांगितले.

नंतर डेन्मार्कचा योहानेस श्मिट आला. ईलच्या जन्मस्थानाचा शोध त्याने 1904 पासून चालवला आणि लहानात लहान पोरे जिथे सापडतात त्या सारगासो समुद्रापर्यंत पोचला. त्याचे निष्कर्ष 1920च्या दशकात प्रसिद्ध झाले. युरोपी आणि अमेरिकी ईलची पोरे दिसायला जुळी. श्मिटने त्यांच्या अंगावरचे स्नायूंचे पट्टे मोजले. युरोपीत सरासरी 114 ते 115, अमेरिकीत सुमारे 107. हे पट्टे पुढे मणक्यांच्या संख्येशी जुळतात, म्हणून पोराच्या अंगावर मोठ्या माशाचा हिशेब आधीच लिहिलेला असतो. रंग बदलतो, आकार बदलतो, हा हिशेब मात्र फारसा बदलत नाही.

मुंबईच्या पाण्यात हे काम डी. व्ही. बाळ आणि एल. बी. प्रधान यांनी केले. 1944-45 च्या तपासणीचा पहिला प्रगती अहवाल 1945 मध्ये निघाला, पुढच्या वर्षी दुसरा. मुंबईत दारोदार मासे विकले जात होते, पण त्यांच्या पोरांचे नीट वर्णन फारसे नव्हते. त्याआधी जावाच्या समुद्रावर डेल्समन या संशोधकाने असेच काम केले होते. या कामात पाहायचे ते असे: अंडे किती मोठे, गोल की लांबट, पिवळ्या बलकाचे तुकडे पडलेले आहेत का, तेलाचे थेंब किती, गुदद्वार अंगाच्या कोणत्या भागात, काळे रंगबिंदू कुठे. तारल्यांच्या कुळातला बलक तुकड्या-तुकड्यांचा असतो आणि बऱ्याच मांदेलीवर्गीयांचे अंडे लांबट, अशा खुणांनी कूळ निदान घराण्यापर्यंत तरी लागते.

त्यापुढे दोनच वाटा होत्या. अंडी पाळून वाढवायची, किंवा ओळख पटलेल्या लहान माशापासून एकेक पायरी मागे यायचे, म्हणजे थोडे लहान, आणखी लहान, असे करत अंड्यापर्यंत. दुसरी वाट कंटाळवाणी, पण अनेक जातींचे बालपण याच वाटेने उलगडले. मधली एखादी पायरी सापडली नाही तर साखळी तुटते, आणि डोळा कितीही तयार असला तरी तिथे अंदाज चालत नाही.

तिसरी वाट अलीकडे निघाली. 2003 मध्ये कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी जनुकाच्या एका छोट्या तुकड्यावरून जात ओळखण्याची डीएनए बारकोडची कल्पना मांडली. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी ती माशांवर वापरून दाखवली. आता अंड्याचा कण पुरतो. मात्र तो तुकडा ताडून पाहायला संग्रहात मोठ्या माशाचा, तज्ज्ञाने नाव दिलेल्या माशाचा नमुना आधी असावा लागतो. यंत्राला उत्तर मिळते ते या संग्रहातून, आणि तो संग्रह पट्टे मोजणाऱ्या डोळ्यांनीच बांधलेला आहे.