मायच्या रातच्या येरझारा

१९७२ चा दुष्काळ म्हटलं की लोक खडी, सुकडी आणि तांबड्या मिलोच्या आठवणी काढतात. मला आठवतो तो मायच्या जोडव्यांचा आवाज. परंडा तालुक्यातलं आमचं गाव. मी आठ वर्षांचा. पोटात सातवा महिना असताना माय दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि रात्री घर निजलं की अंगणात तिच्या येरझारा सुरू व्हायच्या.

"काय होतंय गं?" बाप विचारायचा.

"दुखत न्हाई वो. पोटऱ्यात किडं वळवळल्यावानी होतंय. हालीवलं की थांबतंय, टेकलं की पुन्हा सुरू."

दुखत नाही, सूज नाही, मग आजार कसला? आजी म्हणाली, बाहेरचं हाय. लिंबू उतरवलं, अंगारा लावला. दिवसा कामावर डुलकी लागली की मुकादमाची बोलणी ठरलेली. माय जुन्या लुगड्याच्या चिंध्या पोटऱ्यांना आवळायची, करडीचं तेल चोळायची. कुणी म्हणालं, पायावर गार पाणी घे. पण प्यायलाच पाणी नव्हतं.

धाकटी जन्मली आणि महिन्याभरात येरझारा थांबल्या. श्रेय अंगाऱ्याला गेलं.

२०११ साली माझी लेक बाळंतपणाला आली. तिसऱ्या रात्री अंगणात तीच चाल. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. लोह फार कमी. "माती खावीशी वाटते का?" त्यांनी विचारलं, तेव्हा माय चुलीची भाजकी माती खायची ते मला आठवलं. लोहाच्या गोळ्या दिल्या, जेवणावर चहा बंद केला, लिंबू खायला सांगितलं. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा त्रास पुष्कळ बायकांना होतो आणि बाळंतपणानंतर बहुधा आपोआप जातो, असंही म्हणाल्या.

इंग्लंडच्या थॉमस विलिस नावाच्या वैद्यानं १६७२ मध्येच असे रात्री न टिकणारे पाय लिहून ठेवले होते. १९४५ मध्ये स्वीडनच्या एकबोम यांनी त्याला 'अस्वस्थ पाय' हे नाव दिलं. म्हणजे मायच्या येरझारांआधी सत्तावीस वर्षं. गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या देण्याची सरकारी योजनाही १९७० चीच. आमच्या वस्तीपर्यंत यातलं काहीच आलं नव्हतं. आला तो फक्त अंगारा.

मायला हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजी अंगात लोखंड नव्हतं व्हय? आन हातात तर दिसभर हातोडाच हुता."