सावलीशी झुंज

चिखलदऱ्याला गेलेला प्रत्येक जण भीमकुंडापाशी उभा राहून फोटो काढून घेतो. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं, मग या कुंडात हात धुतले, आणि कीचकदऱ्याचा चिखलदरा झाला, ही गोष्ट आम्हा मेळघाटातल्यांना पाठच असते. (विराटनगर आमच्याकडेच होतं असं राजस्थानातले लोकही म्हणतात. म्हणू देत. आपण कुंड सोडायचं नाही.) मला मात्र त्या गोष्टीतला एक बारकावा नेहमी आठवतो. ती झुंज रात्री, अंधाऱ्या नृत्यशाळेत झाली. द्रौपदी समजून आलेल्या कीचकाला समोर कोण आहे तेच कळलं नाही. भीमाला तरी अंधारात काय दिसत असणार? वर्षभर बल्लव होऊन राजाच्या स्वयंपाकघरात राबलेला माणूस तो. मधे एकदा जीमूत नावाच्या मल्लाशी कुस्ती झाली, एवढाच काय तो जाहीर सामना. बाकीच्या दिवसांत हा गडी सराव कुठे आणि कुणाबरोबर करत असेल?

हा प्रश्न पडायला कारण घडलंय. आमची पुतणी नववीत आहे. गेले काही महिने ती पहाटे गच्चीवर एकटीच हवेत ठोसे मारते. धारणी तालुक्याचं ठिकाण असलं तरी गाव लहान, कुणी काय करतं ते लपत नाही. बातमी घाट उतरून परतवाड्याच्या आत्यापर्यंत गेली. "काय करून राह्यली रे थे पोट्टी? हवेशी भांडते म्हने!" मग अमरावतीहून वहिनीच्या माहेरच्यांचे फोन. प्रत्येकाला वेगवेगळं समजावण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

तर मंडळी, याला शॅडो बॉक्सिंग म्हणतात. समोर प्रतिस्पर्धी आहे असं धरून चालायचं, त्याचे ठोसे चुकवायचे, आपले मारायचे. हे अलीकडचं फॅड नव्हे. प्राचीन ग्रीक भाषेत यासाठी 'स्कियामाखिया' असा शब्दच आहे, अर्थ सरळ 'सावलीशी युद्ध'. प्लेटोने आपल्या अखेरच्या, 'लॉज' या ग्रंथात नगराने युद्धाची तयारी कशी करावी हे सांगताना मुष्टियोद्ध्यांचा दाखला दिला आहे. सरावाला जोडीदार कमी पडले तर निर्जीव पुतळा टांगावा, आणि सजीव-निर्जीव काहीच मिळालं नाही तर स्वतःच्या सावलीशी लढावं, लोक हसतील म्हणून थांबू नये, असा त्याचा रोख. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीसमध्येही परतवाड्याची आत्या होतीच! पुढे दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलेन (हा आधी ग्लॅडिएटरांच्या जखमा शिवायचा) याने आरोग्यासाठीच्या व्यायामांत याची गणना केली. जोर फार न लावता वेगाने करायचे जे व्यायाम, त्यांत धावण्याच्या पंक्तीला त्याने हा बसवला.

पण ग्रीसपर्यंत जायची तरी काय गरज? एकट्याने लढण्याची सगळ्यात सुंदर युक्ती मराठी मुलखातच वाढली आहे. तिचं नाव मल्लखांब.

आपण हल्ली मल्लखांब कसरत म्हणून बघतो. टाळ्या वाजवतो, मुलं खांबावर आडवी कशी राहतात याचं नवल करतो. पण नाव नीट वाचा. मल्ल आणि खांब. तो लाकडाचा पैलवान आहे. खाली जाड, वर निमुळता होत जाणारा, मानेशी बारीक, माथ्यावर बोंड. त्याला मांड्यांची पकड घालायची, बगलेत धरायचं, मान अडकवायची. हे सगळे मुळात कुस्तीचे डाव. एरंडेल चोळून गुळगुळीत केलेला हा गडी कधी दमत नाही आणि कधी उलटा डाव टाकत नाही. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या खांबावरच्या मेहनतीचा उल्लेख आहे. त्यानंतर ही विद्या विस्मरणात गेली आणि दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ती पुन्हा उभी केली, असं मानतात. गोष्ट अशी सांगतात की निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पैलवान पेशव्यांच्या दरबारात आव्हान घेऊन आले. पोरसवदा बाळंभटांनी मुदत मागितली, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन बसले, तिथे मारुतीने दृष्टांतात लाकडी खांबावरचे डाव दाखवले. परत येऊन त्यांनी गुलाबला चीत केलं आणि अलीने माघार घेतली. दृष्टांताचं ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यात वेगळंच दिसतं. बलाढ्य पैलवानापुढे उभं राहायचं, तर घरात त्याच्या तोडीचा जोडीदार कुठून आणणार? म्हणून लाकडाचा केला.

आणि लाकूड कोणतं, तर सागवान किंवा शिसव. मेळघाटात आम्ही सागाच्या जंगलात राहतो. सेमाडोहच्या रस्त्याने येताना दोन्ही बाजूंना हजारो मल्ल उभे असतात आणि आपल्या मनातही येत नाही. असो.

आमच्या जिल्ह्याला या सगळ्याचं वेड जुनं आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलं. हुतात्मा राजगुरू तिथे शिकून गेले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाची तुकडी तिकडे गेली आणि कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आली. आखाड्यातला सरावही बराचसा एकट्याचाच असे. लाठी असो वा फरी-गदगा, आधी हवेतच हात फिरवायचे. तमाचा, बाहेरा, शीर असे वार मोजून, ठेक्यात, समोर कुणी नसताना. जोडीदार मिळे तो नंतर. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या कुणालाही गच्चीवरची पुतणी बघून आश्चर्य वाटलं नसतं. त्यांनी एवढंच विचारलं असतं, हातात लाठी का नाही?

आता ती काय करते ते सांगतो. बॉक्सिंगची लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, मधे एकेक मिनिट विश्रांती. तीही मोबाईलवर वेळ लावून तशाच फेऱ्या करते. डावा पाय पुढे, हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालांशी. जॅब, क्रॉस, हुक. प्रत्येक ठोशाबरोबर नाकाने श्वास सोडायचा, म्हणून तो 'फुस् फुस्' आवाज, ज्याने शेजारचे घाबरले होते. ठोसा मारण्यापेक्षा हात गालाशी परत आणणं महत्त्वाचं. जो हात खाली राहतो, त्याच बाजूने मार बसतो. हवेला विरोध नसतो, त्यामुळे झटका देऊन कोपर पूर्ण ताणलं तर सांधा दुखावतो. म्हणून आधी सावकाश, मग वेगात. एक दिवस मी तिच्याबरोबर करून पाहिलं. दुसऱ्या मिनिटाला खांदे भरून आले, आणि पोटऱ्या दुसऱ्या दिवशी बोलल्या :)

पिशवीवर ठोसे मारताना पिशवीच हात अडवते. हवेत मात्र आपला तोल आपणच सावरायचा, त्यामुळे पायांची चूक लगेच कळते. हे या व्यायामाचं खरं मोल, आणि यासाठी खर्च शून्य.

पण सगळं गुणगान करून थांबणं खरं नाही. सावली कधी मारत नाही. नाकावर पहिला ठोसा बसल्यावर डोळे उघडे ठेवायचे कसे, हे गच्चीवर शिकता येत नाही. प्लेटोनेही सावली शेवटी ठेवली होती, जोडीदार आधी. धारणीत आज तिला तिच्या वजनाची जोडीदार मिळत नाही. ती बाहेरच जाऊन मिळणार. बुलडाणा जिल्ह्यातल्या खेड्यातला अनंता चोपडे अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि जुलै २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये ५२ किलो गटाचं सुवर्ण घेऊन आला. त्याच स्पर्धेत मेरी कोमचंही सुवर्ण होतं. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये पोलंडला युवा जागतिक विजेती झाली. दोघंही वऱ्हाड-नागपूरकडचीच पोरं.

दादाचं म्हणणं, दहावी होऊ दे, मग बघू. वहिनी काहीच म्हणत नाही, म्हणजे तिचा नकार नाही. माझं मत या वर्षीच पाठवावं असं आहे, आणि ते मी दादाला सांगितलंय. वसतिगृह, शाळा, खर्च, मुलीला एकटीला ठेवणं, हे सगळे प्रश्न खरे आहेत, त्यांवर घरात अजून बोलणं चालू आहे. अकोला-अमरावतीकडच्या नातेवाइकांपैकी कुणाकडे शनिवार-रविवार तिची सोय होऊ शकत असेल तर फोन करा. आणि आत्या, तुझं घर परतवाड्याला असलं तरी तुझी मुलगी अकोल्यालाच दिलेली आहे, हे मी विसरलेलो नाही.