धूम्रपान, फुप्फुस आणि जीवनसत्त्वे : एका अनुमानाचा इतिहास

रत्नागिरी जिल्ह्यातील लोकांच्या आहाराचा विचार करू लागले, म्हणजे एक गोष्ट प्रथमच नजरेत भरते. चैत्र-वैशाखात येथे हापूस पिकतो. त्याचा केशरी रंग मुख्यतः कॅरोटिनाचा. काजूच्या बोंडांचे तर झाडाखाली सडे पडतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत शंभर ग्रॅम बोंडात क-जीवनसत्त्व सुमारे १८० मिलिग्रॅम दिले आहे. संत्र्याचा आकडा ३० आहे. अशा भूमीत विडी ओढणाऱ्यालाही निसर्गाने संरक्षण दिले असेल, असे अनुमान कोणाच्याही मनात सहज यावे. या अनुमानाला शास्त्रात दीर्घ इतिहास आहे, आणि तो सावधपणे वाचण्यासारखा आहे.

त्याचा एक धागा मुंबईच्या परळमधून जातो. गिरणगावात रत्नागिरीच्या चाकरमान्यांची दाट वस्ती होती, आणि त्याच परळात १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कर्करोगाचा संबंध लोकांच्या चालीरीतींशी लावून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे रुजविली. संघवी, राव व खानोलकर यांचा १९५५ चा निबंध या दृष्टीने महत्त्वाचा होय. कर्करोगाचे रुग्ण आणि इतर लोक यांच्या सवयींची त्यात तुलना होती. तंबाखू चघळणे व ओढणे यांचे परिणाम तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या वेगवेगळ्या भागांवर वेगवेगळे होतात, असे तीतून दिसून आले.

सवयींच्या पाठोपाठ आहाराचा प्रश्न येणे क्रमप्राप्तच होते. १९८७ मध्ये मुंबईच्याच पेरीन नोटानी व कस्तुरी जयंत यांनी तोंड, घसा, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या आहाराची तपासणी प्रसिद्ध केली. रोज भाजी न खाणाऱ्यांत या रोगांचे प्रमाण अधिक आढळले. फुप्फुसाच्या बाबतीत परदेशांतील पाहण्याही त्याच दिशेने बोट दाखवीत होत्या.

या निरीक्षणाला रसायनशास्त्राने आधार पुरविला. धुराच्या एकेका झुरक्यात मुक्त मूलकांची संख्या दहाच्या पंधराव्या घाताच्या घरात असते. क आणि ई ही जीवनसत्त्वे व बीटा-कॅरोटिन हे पदार्थ प्रतिऑक्सिडीकारक आहेत. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात क-जीवनसत्त्व कमी आढळते. म्हणूनच अमेरिकेच्या पोषण मंडळाने २००० साली त्यांना रोज ३५ मिलिग्रॅम अधिक घेण्याची शिफारस केली. धूर ऑक्सिडीकरण घडवितो आणि जीवनसत्त्व त्याला अडविते, तेव्हा जीवनसत्त्व फुप्फुसाचे रक्षण करील, ही तर्कमालिका वरकरणी निर्दोष होती. १९८१ मध्ये पेटो, डॉल, बकले व स्पोर्न यांनी, आहारातील बीटा-कॅरोटिनाने कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय रीतीने घटेल काय, असा प्रश्न उपस्थित केला. त्यांच्या निबंधाचे शीर्षकच प्रश्नार्थक होते, आणि उत्तरासाठी त्यांनी प्रयोगाचीच मागणी केली होती, हे विसरता कामा नये.

प्रयोग झाले. फिनलंडमध्ये १९८५ पासून पन्नास ते एकोणसत्तर वर्षांच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटिन, ई-जीवनसत्त्व, दोन्ही किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. ई-जीवनसत्त्वाने तो घटला नाही. अमेरिकेत १८,३१४ व्यक्तींवर चाललेला दुसरा प्रयोग जानेवारी १९९६ मध्ये मुदतीच्या एकवीस महिने आधी थांबवावा लागला. बीटा-कॅरोटिन व अ-जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हाच रोग २८ टक्क्यांनी अधिक होता.

फिनलंडच्या प्रयोगातील एक बारकावा अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवावा. आरंभी ज्यांच्या आहारात व रक्तात कॅरोटिन अधिक होते, त्यांना पुढे हा कर्करोग कमी झाला. म्हणजे जुने निरीक्षण खोटे नव्हते. त्यावरून काढलेले अनुमान मात्र खोटे ठरले. भाजी व फळे अधिक खाणारा मनुष्य इतरही अनेक बाबतींत वेगळा असतो, आणि फळात कॅरोटिनाखेरीज पुष्कळ काही असते. शिवाय मात्रेचाही प्रश्न आहे. १९९९ मध्ये फेरेट नावाच्या प्राण्यांना धुराबरोबर मोठ्या मात्रेत बीटा-कॅरोटिन दिले असता त्यांच्या फुप्फुसांतील पेशींत कर्करोगपूर्व स्वरूपाचे बदल दिसले. धुराने भरलेल्या फुप्फुसात कॅरोटिनाचेच ऑक्सिडीकरण होते व त्यातून अपायकारक पदार्थ निर्माण होतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

मग संरक्षण कशात आहे? याचेही उत्तर प्रश्न विचारणाऱ्यांपैकी दोघांच्या कार्यातून मिळाले, हा योगायोग बोलका आहे. डॉल यांनी हिल यांच्यासमवेत १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांची जी पाहणी आरंभिली, तिचा पन्नास वर्षांचा वृत्तांत २००४ मध्ये डॉल, पेटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. तिसाव्या वर्षी धूम्रपान सोडल्यास सुमारे दहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा आणि साठाव्या वर्षी तीन वर्षांचे आयुष्य लाभते, असे त्यात दिसून आले. कोणत्याही जीवनसत्त्वाच्या गोळीच्या नावावर असा लाभ नोंदलेला नाही.

रत्नागिरीच्या आंब्याचे आणि बोंडाचे मोल याने तिळमात्र कमी होत नाही. ती फळे खावीत, कारण ती उत्तम अन्न आहेत. मात्र पोषणकोष्टकातील आकडा दाखवून विडी ओढणाऱ्याला अभय देणे, हे ज्ञानाच्या नावाखाली त्याचा घात करण्यासारखे होईल. धूम्रपान करणाऱ्याला बीटा-कॅरोटिनाच्या गोळ्या सुचविणे तर त्याहून गंभीर होय. निरीक्षणावरून उपचाराकडे जाताना मधली प्रयोगाची पायरी गाळता येत नाही, आणि ती गाळली असती तर किंमत कोणी मोजली असती, हे वरील दोन आकडे सांगतात.